शिक्षकाचा शीण आणि शिक्षकाचा उबग

सकाळची प्रार्थना आटोपली आहे. मुले ओळीने वर्गात येऊन बसली आहेत. गुरुजी हजेरीपट उघडतात, नावे पुकारतात, ‘हजर’ असे उत्तर येते आणि खूण केली जाते. सारे नित्याप्रमाणे चालले आहे. फरक इतकाच की, पूर्वी प्रत्येक नावागणिक गुरुजींची मान वर होत असे. कोणाचे डोळे आले आहेत, कोण उपाशी आला आहे, कोणाच्या पायाला चिंधी बांधली आहे, हे हजेरी घेता घेताच त्यांच्या ध्यानात येई. अलीकडे मान वर होत नाही. अशा वर्गात तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला काही उणे आढळावयाचे नाही. पट बरोबर आहे, टाचण लिहिलेले आहे, फलक नीट मांडलेले आहेत. तरीही त्या वर्गातून काहीतरी निघून गेलेले असते, आणि ते मुलांना सर्वांच्या आधी कळते.

या अवस्थेला आपण सहजपणे ‘थकवा’ म्हणतो व पुढे जातो. वस्तुतः आपल्या भाषेत याविषयी तीन निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच पुष्कळ शिक्षकांचे निर्णय चुकतात. शीण हा अंगाचा असतो. दिवसभर तीन इयत्तांपुढे उभे राहून बोलल्यावर घसा बसतो, पाय भरून येतात. रात्रीची झोप झाली की माणूस पुन्हा ताजा होतो. कंटाळा हा तोच-तोपणाचा असतो. सलग आठ वर्षे दुसरीलाच शिकविणाऱ्या शिक्षिकेला चौथीचा वर्ग मिळाला की तो बहुधा नाहीसा होतो. उबग मात्र या दोहोंहून वेगळा आहे. तो झोपेने जात नाही आणि बदलानेही सहसा जात नाही. ज्याला उबग आला आहे त्याला उन्हाळ्याची सुटी मिळते, पण जून जवळ येऊ लागला की छातीवर दडपण येते. शाळेची घंटा आठवली तरी जीव नकोसा होतो. जी मुले कालपर्यंत आपली वाटत होती ती आता ‘ही कार्टी’ वाटू लागतात, आणि तसे वाटते म्हणून स्वतःचीच लाज वाटते.

मानसशास्त्राने या अवस्थेचा अभ्यास गेल्या पन्नास वर्षांत केला आहे. इंग्रजीत तिला ‘बर्नआऊट’ म्हणतात. जळून विझून जाणे असा त्याचा शब्दशः अर्थ. न्यूयॉर्क येथील हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली याविषयी लेख लिहिला. मोफत दवाखान्यांतून काम करणारे स्वयंसेवक त्याच्या डोळ्यांपुढे होते, आणि तो स्वतःही त्यांच्यातच काम करून थकलेला होता. त्याचे निरीक्षण मोठे मार्मिक आहे. कामचुकार माणसे या अवस्थेला पोहोचत नाहीत. जी मनापासून राबतात तीच पोहोचतात. पुढे क्रिस्टिना मास्लाक व सुझन जॅक्सन या विदुषींनी १९८१ साली ही अवस्था मोजण्याची एक प्रश्नावली सिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची नोंद केली आहे, पण रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. तेथे तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, आपल्या कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे.

यांतील ‘कामाच्या ठिकाणी’ हे शब्द शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावेत. ताण जर कामात साचला असेल तर त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी कामातच शोधावे लागेल. थकलेल्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून ‘सकारात्मक विचार करा’ असे दोन तास सांगितल्याने उबग जात नाही. उलट त्या दिवशीचा वर्ग बुडाल्याची रुखरुख मात्र राहते. प्राणायाम, फिरणे, वेळेवर झोप या गोष्टी चांगल्या आहेत आणि कराव्यात. पण त्या शिणाची औषधे आहेत.

आता खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या कामात हा ताण साचतो तरी कोठे, ते पाहू. एक द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. पहिली ते चौथी, मुले पन्नास-पंचावन्न. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ अन्वये प्राथमिक इयत्तांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे प्रत्येकाकडे दोन इयत्ता. एका इयत्तेला लेखन देऊन दुसरीला वाचन शिकवावयाचे, ही बहुवर्ग अध्यापनाची कला अवघड असली तरी आपल्या शिक्षकांना ती साधलेली आहे. परंतु त्यांतील एक शिक्षक मतदार यादीच्या कामावर गेला, किंवा तालुक्याला बैठकीस गेला, की चारही इयत्ता एकाकडे येतात. त्याच वेळी तांदूळ मोजून द्यावयाचा असतो, स्वयंपाकीण बाईंना मिठाचा पुडा हवा असतो, आहार घेतलेल्या मुलांचा आकडा भ्रमणध्वनीवरून पाठवावयाचा असतो आणि जाळे मिळत नसल्याने गुरुजी शाळेमागच्या टेकाडावर उभे असतात. खाली वर्गात गोंगाट वाढत जातो. सायंकाळी हा शिक्षक घरी जातो तेव्हा त्याला वाटते, आपण शिकवून थकलो. खरे पाहता त्या दिवशी त्याला शिकवावयास मिळालेलेच नसते. थकविले ते न शिकविण्याने. हा भेद बारीक आहे, पण नोकरी सोडावी की ठेवावी याचा निर्णय पुढे याच भेदावर उभा राहावयाचा आहे.

शिक्षिकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. शाळेतून घरी गेल्यावर त्यांचे दुसरे काम सुरू होते, आणि त्या कामाचा हजेरीपट कोणी ठेवीत नाही.

कामाच्या गर्दीपेक्षाही खोलवर बोचणारे दुसरे एक कारण आहे. सुताराला संध्याकाळी आपण केलेला दरवाजा दिसतो. शेतकऱ्याला चार-सहा महिन्यांत पीक दिसते. शिक्षकाला आपल्या श्रमाचे फळ असे डोळ्यांनी दिसत नाही. अहिल्यानगर, बीड किंवा मराठवाड्याच्या इतर भागांतील ऊसतोड कामगारांच्या गावांतील शिक्षकाला तर हे फारच कठोरपणे जाणवते. जूनमध्ये पहिलीत मूल येते. रडते, रुळते, पावसाळ्यात अक्षरे ओळखू लागते, दसऱ्याच्या सुमारास दोन अक्षरी शब्द वाचू लागते. त्या मुलाने ‘घर’ हा शब्द प्रथम वाचला तेव्हा ते कसे हसले होते, हे शिक्षकाच्या स्मरणात असते. मग टोळ्या निघतात. एका सकाळी बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि ते मूल दिसते. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तेथे काही मुले मागे राहतात; पण पाठच्या भावंडाला कोण सांभाळणार, हा आईचा प्रश्न काही खोटा नसतो. कारखान्यांचा हंगाम संपून मूल परतते ते उन्हाळ्याच्या तोंडी. शिक्षक त्याच्यापुढे पुस्तक ठेवतो. मूल ‘घ’कडे पाहते आणि गप्प राहते.

असे एक वर्ष झाले तर शिक्षक पुन्हा कंबर कसतो. दहा वर्षे झाली तर त्याची कंबर कसण्याची इच्छा उरत नाही. आपल्या हातून काही घडत नाही, हे जे तिसरे लक्षण सांगितले, ते येथे आळसातून उद्भवलेले नसते; प्रत्यक्ष अनुभवातून उद्भवलेले असते. म्हणून अशा शिक्षकाला ‘मनोबल वाढवा’ असे सांगणे हा त्याच्या अनुभवाचा अवमान होय. त्याला सांगावयाचे ते वेगळे आहे. फळाचे माप बदलावे. वर्गाचा टक्का हे वरच्या कार्यालयाचे माप आहे. ते कार्यालयाला द्यावेच लागते. शिक्षकाने स्वतःपुरती एक साधी वही ठेवावी आणि तीत आठवड्यातून एकदा एका मुलाविषयी दोन ओळी लिहाव्यात: हे मूल गेल्या महिन्यात कोठे होते आणि आज कोठे आहे. ती वही कोणास दाखवावयाची नाही व तिची माहिती कोणी मागावयाचीही नाही. पुढल्या दसऱ्याला ती उघडली असता पुष्कळदा असे आढळते की, परतून आलेले मूल गप्प राहिले तरी दुसऱ्या खेपेस तीच अक्षरे त्याला पूर्वीच्या निम्म्या वेळात आली. पुसले गेलेले पूर्णपणे पुसले जात नाही. पण लिहून ठेवल्यावाचून हे दिसत नाही.

तिसरे कारण एकटेपणाचे. दूरच्या वाडीवरील शिक्षक वर्षातील बहुतेक दिवस आपल्या वर्गाचे बरेवाईट कोणाशीही बोलत नाही. केंद्राची शिक्षण परिषद यासाठीच आहे. पण तीही कित्येकदा माहितीचे तक्ते गोळा करण्यात आणि नव्या सूचना वाचून दाखविण्यात संपते. अशा परिषदेतील अर्धा तास जरी ‘या महिन्यात वर्गात काय फसले’ एवढ्याच विषयाला दिला, तरी माणसाचा भार हलका होतो. आपली फजिती ही एकट्याची नाही, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. शेजारच्या शाळेतील शिक्षकाचा पाठ एक तास बसून पाहणे हाही असाच उपाय आहे, आणि त्याला खर्च नाही. पर्यवेक्षकीय यंत्रणेनेही येथे आपले घर तपासावे. एकच माहिती तीन तक्त्यांत तीन वेळा मागविणे टाळता आले, तर तेवढाच वेळ वर्गाला परत मिळेल.

ज्या कामांनी वर्ग मोडतो त्यांबाबत कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावे. वरील अधिनियमाच्या कलम २७ अन्वये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळे व संसद यांच्या निवडणुकांशी संबंधित कामे सोडून अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करता येत नाही. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षकाचे काम आठवड्याला किमान ४५ तासांचे धरले आहे, आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तास समाविष्ट आहेत. तयारी ही घरी, सर्वांचे जेवणखाण झाल्यावर, दिव्याखाली करावयाची खासगी गोष्ट आहे, असे कायदा मानीत नाही. शाळेच्या दिवसातच तयारीचा अर्धा तास ठरवून बाजूस काढला आणि मुख्याध्यापकांनी तो जपला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना जी धास्ती वाटते ती बरीच कमी होते. कलम २७ चा आधार घेऊन प्रत्येक कामाला नकार द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु एखादे काम वर्गाच्या मुळावर येत असेल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद करून ती वर पाठविणे, हा सरळ आणि सभ्य मार्ग आहे. तोंडी कुरकुर वाऱ्यावर जाते, लेखी नोंदीला निदान उत्तर तरी द्यावे लागते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. उबग कामापुरता असतो. शाळेबाहेर, आपल्या मुलाबाळांत, शेतावर, भजनात त्या माणसाचे मन रमते. पण जर कशातच मन रमत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडाली असेल, रडू येत असेल, जगणे निरर्थक वाटत असेल, तर तो उबग समजून बसू नये. तो खिन्नतेचा आजार असू शकतो आणि त्याला औषधोपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते व त्यास पैसे पडत नाहीत. अशा अवस्थेत नोकरीविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. आधी उपचार, मग निर्णय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सोडावे की राहावे? पुष्कळ शिक्षक हा प्रश्न मनात वर्षानुवर्षे बाळगतात आणि कोणापाशी उच्चारीत नाहीत. कारण शिक्षकाचा पेशा हा सेवेचा, तो सोडणे म्हणजे पळ काढणे, अशी एक समजूत आहे. या समजुतीने शिक्षकांचे आणि मुलांचे दोघांचेही नुकसान झाले आहे. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे केली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी ती सोडली. त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही. अनुताई वाघ पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवीत होत्या. तेथील स्थिर नोकरी सोडून १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये उर्वरित आयुष्य राहिल्या. त्यांनी नोकरी सोडली, शिकविणे सोडले नाही. दोघांचीही उदाहरणे मोठी आहेत व सामान्य माणसाने त्यांच्याशी स्वतःची तुलना करीत बसू नये. पण ‘सोडणे’ या एका शब्दात किती निरनिराळ्या गोष्टी सामावतात, एवढे त्यांवरून समजते. कोणी पेशा सोडतो, कोणी गाव सोडतो, कोणी केवळ कामाची एक जुनी रीत सोडतो.

म्हणून शिक्षकाने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. उद्या शाळेत एकही नोंदवही नाही, एकही तक्ता नाही, बैठक नाही, साहेब नाहीत, फक्त वर्ग आणि मुले आहेत, असे झाले तर शाळेत जावेसे वाटेल काय? उत्तर ‘हो’ असे मनातून आले, तर त्याला शिकविण्याचा उबग आलेला नाही. शिकविण्याभोवती वाढलेल्या रानाचा आलेला आहे. ते रान छाटण्याची खटपट करावी, अन्य शाळेत बदली मागावी, इयत्ता बदलून घ्यावी, रजा घ्यावी. अर्धवेतनी रजा सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला २० दिवस याप्रमाणे जमा होते आणि वैद्यकीय कारणास्तव ती परिवर्तित करून पूर्ण वेतनावरही घेता येते; पुढील शिक्षणासाठी अध्ययन रजेची तरतूद आहे. कित्येकांच्या सेवापुस्तकात ही रजा तशीच पडून राहते आणि माणूस मात्र संपतो.

उत्तर ‘नाही’ असे आले, मुलेच नकोशी झाली आहेत असे मनाने कबूल केले, तर तेही शांतपणे ऐकावे. आपले मन कोठे विटले हे ओळखणे यात लाजिरवाणे काही नाही. मात्र एक गोष्ट तोलून पाहिली पाहिजे. शिक्षकाच्या सेवेत तिसरीचे वर्ग अनेक येतात, पण मुलाच्या आयुष्यात तिसरी एकदाच येते. केवळ निवृत्तिवेतनाची वर्षे भरण्यासाठी वर्गात बसून राहिलेला शिक्षक कोणाचेही फारसे वाईट करीत नाही असे त्याला वाटते. त्याच्या वर्गातून मान खाली घालून बाहेर पडलेली मुले ते बोलून दाखवू शकत नाहीत, इतकेच.

सोडण्याचा विचार पक्का होत असेल तरी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नये. त्या दिवसांत परीक्षा, मूल्यमापनाच्या नोंदी आणि वर्षअखेरची माहिती यांनी चांगला धडधाकट शिक्षकही राजीनाम्याची भाषा बोलतो. जूनमध्ये, पहिलीची नवी मुले येऊन पंधरा दिवस झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. घरी बसून आधी हिशेब मांडावा: कर्ज किती, मुलांचे शिक्षण कोठवर, पर्यायी काम कोणते. आणि राजीनामा व स्वेच्छानिवृत्ती यांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण रागाच्या भरात लिहिलेल्या एका ओळीने अनेकांची वर्षे वाया जातात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ प्रमाणे राजीनामा दिल्यास मागील सेवा सामान्यतः निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही; योग्य परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा याला अपवाद आहे. उलट, २० वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्यास तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन निवृत्त होता येते. एकोणिसाव्या वर्षी राजीनामा लिहिणे आणि विसाव्या वर्षानंतर सूचना देणे यांत केवढे अंतर आहे ते सांगणे नलगे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना मुळात निराळी योजना लागू झाली असल्याने त्यांनी आपला हिशेब पंचायत समितीच्या लेखा शाखेतून स्वतंत्रपणे समजून घ्यावा.

आणि जाणाऱ्याने शक्यतो सत्राच्या मध्ये जाऊ नये. कार्यभार सोपविताना साठा नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या आणि जडवस्तूंची यादी दिली जाते, त्यावर दोघांच्या सह्या होतात. त्यासोबत दोन-चार पाने आणखी द्यावीत, ज्यांची मागणी कोणत्याही नमुन्यात नाही: कोणते मूल कोणत्या अक्षरापाशी अडले आहे, कोणाला डावा कान कमी ऐकू येतो म्हणून उजव्या बाजूने बोलावे लागते, कोणाचे आईबाप कारखान्यावर गेले की ते आजीपाशी राहते आणि सोमवारी हमखास उशिरा येते, कोणाला रागावले तर ते आठ दिवस शाळेत येत नाही. नवा शिक्षक पहिल्या सकाळी हजेरीपट उघडील तेव्हा ही पाने त्याच्या टेबलावर असावीत.